पटाशी आणि रंध्याच्या पात्याला धार लावण्याचे जिग : एक्लिप्स पद्धतीचा गाइड, व्हेरिटास मार्क २ आणि प्लायवुडची एक फळी

पात्याची सपाट पाठ आणि तिच्या समोरचा उतार ही दोन पृष्ठे जिथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. दोन्ही पृष्ठे त्या रेषेपर्यंत नीट घासली गेली असतील तर धार येते, नाहीतर येत नाही. यात गूढ असे काही नाही. अडचण असते ती हाताची. दगडावर पाते पुढे ढकलताना मनगट किंचित खाली जाते, मागे ओढताना किंचित वर येते, आणि पाच-पन्नास फेऱ्यांनंतर सरळ उतार फुगीर होतो. वर्षानुवर्षे दिवसातून चार-सहा वेळा पाते पाजवणाऱ्या मिस्त्रींच्या हातात तो कोन मुरलेला असतो, त्यांना कोणत्याही जिगची, म्हणजे पाते ठरावीक कोनात धरणाऱ्या साधनाची, गरज नाही. परंतु आठवड्यातून एखाद-दोन दिवस रंधा हातात घेणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न खरा आहे. या परीक्षणात मी मुख्यतः दोन होनिंग गाइडबद्दल, म्हणजे पाते धरून दगडावर चाकाने फिरणाऱ्या जिगबद्दल, लिहिणार आहे आणि त्यांच्या जोडीला लागणाऱ्या, घरीच करता येणाऱ्या एका फळीबद्दल. माझ्या मते त्या फळीचे महत्त्व दोन्ही गाइडपेक्षा कमी नाही.

जिग चांगले की वाईट हे कशावरून ठरवायचे, ते आधी स्पष्ट केले पाहिजे. साधारण पद्धत अशी की पात्याचा मुख्य उतार २५ अंशांचा ठेवायचा आणि धारेलगतची बारीक पट्टी ३० अंशांवर घासायची. धार बोथट झाली की एवढी पट्टीच पुन्हा घासावी लागते. ती जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद असते आणि काम दोन-तीन मिनिटांत आटोपते. मात्र त्यासाठी पाते दुसऱ्या वेळी अगदी पहिल्याच कोनात बसले पाहिजे. ते एक-दोन अंश कमी कोनात बसले तर दगड धारेला स्पर्शच करत नाही, उताराच्या मधल्या भागातले पोलाद उगाच झिजत राहते. जास्त कोनात बसले तर धार लगेच येते, पण दर वेळी उतार थोडा अधिक उभा होत जातो आणि काही महिन्यांनी सगळा उतार नव्याने काढावा लागतो. म्हणून मी जिगची पारख एकाच गोष्टीवर करतो : पाते त्याच कोनात आणि काटकोनात पुन्हा बसवायला किती वेळ लागतो आणि किती खात्री वाटते. धातू कोणता आणि चकाकी किती, हे त्यानंतर पाहायचे. सागवानात काम करणाऱ्याला ही कसोटी अधिकच लागू पडते, कारण सागाच्या लाकडात सिलिका असल्यामुळे पाते लवकर बोथट होते आणि दगडाकडे वारंवार यावे लागते. दर वेळी जिग जुळवण्यात दहा मिनिटे जाणार असतील तर माणूस बोथट पात्यानेच काम रेटत राहतो.

एक्लिप्स पद्धतीचा गाइड

शेफिल्डच्या जेम्स नील कंपनीचा ‘एक्लिप्स ३६’ हा या जातीचा मूळ नमुना. आज त्याच घडणीचे असंख्य गाइड निरनिराळ्या नावांनी, बहुतेक ॲल्युमिनियमच्या ओतकामात, काही शे रुपयांत मिळतात. रचना अगदी साधी आहे. समोरासमोर दोन जबडे, त्यांना आवळणारा एक आडवा स्क्रू आणि खाली एक अरुंद पोलादी चाक. पाते दोन्ही बाजूंनी दाबून धरले जाते. वरच्या टप्प्यावर रंध्याचे पाते बसते, खालच्या तिरप्या खाचेत पटाशी. पात्याच्या दोन्ही कडा समांतर असतील तर ते आवळताक्षणी आपोआप सरळ बसते, वेगळा गुण्या लावावा लागत नाही. मला या घडणीतली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण काटकोनाची चिंता एका स्क्रूच्या फेऱ्यात मिटते.

कोन ठरतो तो पाते जबड्यांपुढे किती बाहेर काढले यावरून. गाइडच्या अंगावरच ही मापे कोरलेली असतात : रंध्याच्या पात्यासाठी ३० अंशांना ३८ मिलिमीटर आणि २५ अंशांना ५० मिलिमीटर, पटाशीसाठी अनुक्रमे ३० आणि ४० मिलिमीटर. पटाशी खालच्या खाचेत, म्हणजे दगडाच्या अधिक जवळ बसते, म्हणून तिची मापे कमी. या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. पटाशीच्या बाबतीत दहा मिलिमीटरांत पाच अंश बदलतात, म्हणजे दोन मिलिमीटरची चूक झाली की कोन एका अंशाने चुकला. पट्टीवर डोळ्याने माप घेऊन, एका हाताने पाते धरून दुसऱ्या हाताने स्क्रू आवळताना एवढी चूक सहज होते. पात्याच्या जाडीचाही परिणाम होतो. जुन्या लोखंडी रंध्यांची पाती दोन मिलिमीटरच्या आसपास जाड असतात; नवी जाड पाती त्याच टप्प्यावर बसवली तर धार तेवढी वर उचलली जाते आणि एका मिलिमीटरच्या फरकाने कोन दीड अंशाच्या आसपास वाढतो. कोरलेल्या मापांवर आंधळेपणाने विसंबू नये ते यासाठीच. शिवाय प्रत्येक नकलेची घडण मूळ नमुन्याशी तंतोतंत जुळतेच असे नाही. पहिल्या वेळी कोनमापक लावून पाहावे आणि आपल्या गाइडचे खरे माप लिहून ठेवावे.

स्वस्त गाइड पेटीतून काढून थेट वापरण्याजोगे क्वचितच असतात. मी घेतलेल्या गाइडच्या, त्यावर कोणतेही नाव नव्हते, खालच्या खाचेत रंगाचे थर साचले होते आणि ओतकामाची एक बारीक शिवण उभी होती. परिणामी पटाशी आवळली की ती एका अंगावर कलत असे आणि धार तिरकी निघत असे. यावर उपाय एका संध्याकाळचा आहे. गाइड उघडून दोन्ही जबडे सुटे करावेत, एकेक जबडा शेगड्यात (व्हाइसमध्ये) हलक्या हाताने धरावा आणि तिकोनी कानशीने खाच साफ करावी. धातू काढायचा नाही, उंचवटे काढायचे. खाचेच्या भिंती काळ्या मार्करने रंगवून मग कानस चालवली तर कुठे घासले जात आहे आणि कुठे अजून रंग शिल्लक आहे ते स्पष्ट दिसते. त्यानंतर रुंद पटाशी खाचेत धरून गाइड काचेवर ठेवावा आणि पटाशीची धार काचेला दोन्ही टोकांना सारखी टेकते का ते पाहावे. एका टोकाखाली कागद सरकत असेल तर ज्या बाजूला खाच वर राहिली आहे तिथे कानशीचे दोन-चार हात आणखी. रंध्याच्या पात्यासाठी असलेल्या वरच्या टप्प्यांचीही अशीच तपासणी करावी. एवढे झाले की हा स्वस्त गाइड किमतीच्या मानाने फार वरच्या दर्जाचे काम देतो, असे मी अनुभवाने सांगू शकतो. स्क्रू बोटांनी आवळून भागत नाही, त्याच्या डोक्यावरच्या खाचेत पेचकस लावून शेवटचा पाव फेरा द्यावा, नाहीतर जोर पडल्यावर पटाशी मागे सरकते.

या गाइडच्या मर्यादा त्याच्या घडणीतूनच येतात. ज्या पात्यांच्या कडा समांतर नाहीत, ती त्यात सरळ बसत नाहीत. गावच्या लोहाराकडून घडवून घेतलेल्या पटाश्या टोकाकडे रुंद आणि मुठीकडे निमुळत्या असतात. त्या या जबड्यांत दोन टोकांवरच धरल्या जातात आणि घासताना डुलतात. जपानी पटाश्यांच्या आखूड मानेमुळे आणि आकारामुळेही हीच अडचण येते. फार आखूड पात्यांना धरायला जागाच उरत नाही. अगदी अरुंद, म्हणजे तीन किंवा सहा मिलिमीटरची पटाशी धरली जाते खरी, पण अरुंद चाक आणि अरुंद धार यांच्यामुळे गाइड दोन्ही बाजूंना कलू शकतो, म्हणून बोटे धारेच्या अगदी मागे ठेवून, कमी जोर देऊन काम करावे लागते.

अरुंद चाकाचा एक मोठा फायदाही आहे. गुळगुळीत करण्याच्या शेवटच्या रंध्याच्या पात्याची धार पूर्ण सरळ ठेवली तर पात्याचे दोन्ही कोपरे लाकडावर रेघा उमटवतात. म्हणून धार मधोमध केसभर पुढे आणि कोपऱ्यांना केसभर मागे ठेवतात. अरुंद चाकावर गाइड थोडा डोलवता येतो : आधी एका कोपऱ्यावर बोटाचा जोर देऊन काही फेऱ्या, मग दुसऱ्या कोपऱ्यावर तितक्याच, मग मधोमध थोड्या. हा बाक डोळ्याला जेमतेम दिसतो, पण लाकडावर हात फिरवला की त्याचा परिणाम लगेच कळतो.

फळी

आता त्या फळीबद्दल. साधारण ३०० मिलिमीटर लांब आणि १५० मिलिमीटर रुंद अशा १२ मिलिमीटर प्लायवुडच्या तुकड्याची एक कड अगदी सरळ करून घ्यावी. त्या कडेपासून मोजून ३०, ३८, ४० आणि ५० मिलिमीटरवर, किंवा आपल्या गाइडसाठी जी मापे खरी ठरली असतील त्यांवर, कठीण लाकडाचे छोटे ठोकळे गोंद आणि स्क्रूने पक्के बसवावेत. गाइडचे जबडे फळीच्या कडेला टेकवायचे, पाते फळीवरून पुढे सरकवून धार ठोकळ्याला हलकेच लावायची आणि स्क्रू आवळायचा. माप घेणे नाही, डोळे बारीक करणे नाही. पाते बसवायला अर्धा मिनिटही लागत नाही आणि कोन दर वेळी तोच येतो. मुख्य उतारापेक्षा एक अंश अधिक हवा असेल तर सनमायकाच्या उरलेल्या तुकड्यांतून एक-एक मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या कापून त्या ठोकळा आणि धार यांच्यामध्ये उभ्या धराव्यात. पाते दोन मिलिमीटर आत राहते आणि पटाशीचा कोन अंदाजे एका अंशाने वाढतो. ठोकळे बसवताना प्रत्येकाची पुढची बाजू फळीच्या कडेला समांतर आहे ना, हे गुण्या लावून पाहणे मात्र आवश्यक आहे, नाहीतर तिरकेपणा दर वेळी तितक्याच नेमकेपणाने येत राहील. प्रत्येक ठोकळ्याशेजारी अंश आणि ‘पटाशी’ किंवा ‘रंधा’ असे ठळक लिहून ठेवावे. दोन्हींची मापे वेगळी असल्यामुळे गोंधळ इथेच होतो. ही फळी नसलेला एक्लिप्स गाइड मी कुणाला सुचवणार नाही, आणि ती असेल तर त्याहून महाग काही घ्यायला सहसा सांगणार नाही.

व्हेरिटास मार्क २

कॅनडातील ओटावा येथील ली व्हॅली कंपनीच्या व्हेरिटास या नावाखाली मिळणारा मार्क २ हा वेगळ्या विचाराचा गाइड आहे. इथे पाते बाजूंनी दाबले जात नाही, ते वरच्या दांड्याने दोन पितळी स्क्रूंच्या साहाय्याने दाबले जाते. कोन ठरवण्यासाठी एक वेगळा तुकडा गाइडच्या पुढच्या बाजूला सरकवून लावतात. त्यावरच्या खुणेनुसार हवा तो कोन निवडायचा, पाते कुंपणाला (कडेच्या आधारपट्टीला) आणि थांब्याला टेकवायचे, स्क्रू आवळायचे आणि तो तुकडा काढून बाजूला ठेवायचा. १५ पासून ५४ अंशांपर्यंतचे कोन यात लावता येतात आणि सुमारे ७३ मिलिमीटर रुंदीपर्यंतचे पाते बसते, म्हणजे लांब रंध्यांची पातीही बसतात. म्हणजे वर सांगितलेली फळी या गाइडबरोबर तयार मिळते.

त्याची खरी खुबी रोलरच्या आसात आहे. आस मध्यापासून किंचित सरकलेला असल्यामुळे टोकाचे बटण फिरवले की रोलरची उंची बदलते आणि कोन एक किंवा दोन अंशांनी वाढतो. पाते सोडायचे नाही, पुन्हा बसवायचे नाही. मुख्य उतार भरड दगडावर घासला, बटण फिरवले, बारीक दगडावर चार-सहा फेऱ्या मारल्या की धारेलगतची पट्टी तयार होते. ज्याला हे एकदा सवयीचे झाले त्याला सनमायकाच्या पट्ट्या शोधत बसणे जिवावर येईल, हे मान्य केले पाहिजे.

समांतर कडा नसलेली पाती यात बसतात हा दुसरा मोठा फायदा. लोहाराने घडवलेली निमुळती पटाशी इथे पाठीच्या आधाराने धरली जाते. परंतु त्याची किंमत काटकोनाच्या खात्रीत मोजावी लागते. वरून दाबणाऱ्या घडणीत दोन्ही स्क्रू सारखे आवळले नाहीत तर दांडा तिरका होतो, आणि पाते अरुंद असेल तर दांड्याखाली धरायला जागा थोडी असल्यामुळे ते जोराखाली फिरू शकते. यावर कंपनीने अरुंद पटाश्यांसाठी बाजूंनी धरणारा वेगळा जबडा उपलब्ध केला, तिरप्या पात्यांसाठी वेगळे कुंपण आणि धारेला बाक देण्यासाठी वेगळा फुगीर रोलरही दिला. मूळ रोलर रुंद असल्यामुळे रुंद पाते अगदी सरळ घासले जाते, मात्र डोलवून बाक देणे त्यावर अवघड जाते. भारतात हा गाइड मागवायचा तर मूळ किंमत, वाहतूक आणि आयातकर मिळून एक्लिप्सच्या नकलेच्या कित्येक पट खर्च येतो, आणि जोडीचे सुटे भाग घेत गेले की तो आणखी वाढतो.

मग तो कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे उतार वर ठेवून वापरायचे रंधे आहेत त्यांनी, असे माझे ठाम मत आहे. नेहमीच्या रंध्यात पाते ४५ अंशांवर, उतार खाली करून बसते. तिथे धारेचा कोन २८ असो की ३१, लाकडाला भिडणारा कोन ४५ च राहतो. उतार वर असलेल्या रंध्यात पाते साधारण १२ अंशांवर झोपलेले असते आणि लाकडाला भिडणारा कोन म्हणजे १२ अधिक धारेचा कोन. २५ अंशांची धार लावली तर ३७, आणि ३८ अंशांची लावली तर ५०. शिसमासारख्या उलटसुलट रेषांच्या लाकडात रेषा उचकटू नयेत म्हणून ५० अंशांचे पाते लागते, तर लाकडाच्या टोकाच्या तोंडावर ३७ अंशांचे पाते सुरेख चालते. अशा रंध्यांसाठी एकाच मापाची दोन-तीन पाती वेगवेगळ्या कोनांत ठेवावी लागतात, आणि तिथे कोनाच्या खुणा असलेला गाइड स्वतःची किंमत वसूल करतो.

अमेरिकेतील मेन राज्यात तयार होणारा ली-नील्सनचा गाइड एक्लिप्सच्याच विचाराचा, पण पोलादात काटेकोर यंत्रकामाने घडवलेला आणि बदलता येणारे जबडे असलेला आहे. कानस चालवायची ज्यांची इच्छा नाही आणि पैसे खर्च करण्याची तयारी आहे त्यांनी तो घ्यावा. फळी मात्र त्यालाही लागते.

दगड, कागद आणि यंत्र

गाइड कोणताही असो, चाक दगडावर चालते म्हणून दगड सपाट हवा. आपल्याकडे मिळणारा दोन बाजूंचा तेलाचा दगड बहुधा २०० मिलिमीटर लांब आणि ५० मिलिमीटर रुंद असतो. धार आणि चाक यांच्यातले अंतर वजा केले तर घासायला त्याची लांबी थोडीच उरते, आणि मध्ये खड्डा पडतो. हे टाळण्यासाठी दगड अधूनमधून उलट्या टोकाने फिरवून घ्यावा. पाण्याच्या मऊ दगडावर अरुंद पटाशी गाइडमध्ये धरून एकाच रेषेत घासली तर खोबण पडते. जाड काचेवर पॉलिश कागद चिकटवून काम करणे नव्या माणसासाठी सर्वांत सोपे, कारण काच कायम सपाट राहते आणि चाकाला लांबी पुरेशी मिळते. मात्र कागदावर पाते फक्त आपल्याकडे ओढावे, पुढे ढकलले तर धार कागद फाडते. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर चाक पुसावे. भरड कण चाकाला चिकटून बारीक दगडावर गेले की तिथे ओरखडे उमटतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आसाला तेलाचा एक थेंब दिल्याशिवाय गाइड ठेवून देऊ नये. आस गंजून चाक अडले की ते फिरण्याऐवजी घसटते, त्याला एका बाजूने सपाटी येते आणि मग कोन कधीच स्थिर राहत नाही.

स्वीडनच्या टॉर्मेकसारखी, पाण्यात हळू फिरणाऱ्या चाकाची यंत्रे आणि त्यांचे जिग हा वेगळा विषय आहे. तुटलेला कोपरा काढणे किंवा सगळा उतार नव्याने पाडणे या कामांत त्यांची बरोबरी हाताचे गाइड करू शकत नाहीत, आणि पाण्यामुळे पाते तापून निळे पडण्याची, म्हणजेच त्याचा कडकपणा जाण्याची भीती राहत नाही. परंतु रोजच्या धारेसाठी एवढा खर्च करावा असे मला वाटत नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी वापरतात तो पांगारा किंवा तसे एखादे मऊ लाकूड कापताना धार खरोखर कसाला लागते, कारण बोथट पात्याखाली मऊ लाकूड कापले न जाता चेपते. आणि त्या लाकडावरही व्यवस्थित जुळवलेल्या स्वस्त गाइडने लावलेली धार मला कमी पडलेली नाही.

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर एक्लिप्स पद्धतीचा गाइड घ्यायला जाणार असाल तर दुकानातच चार गोष्टी पाहाव्यात. जबडे पूर्ण मिटवून उजेडासमोर धरावेत. फट एका बाजूला जास्त दिसली तर तो नग परत करावा, कारण हा दोष कानशीने जात नाही. चाक बोटाने फिरवून ते लंबवर्तुळासारखे उडत नाही ना आणि आसावर डावी-उजवीकडे फार सरकत नाही ना ते पाहावे. स्क्रू शेवटपर्यंत आवळून आणि सोडून पाहावा, आटे कच्चे असतील तर तिथेच कळते. खाचेतला रंग आणि शिवण यांची चिंता करू नये, त्यासाठी तिकोनी कानस पुरेशी आहे. ती घरी नसेल तर त्याच दुकानातून बारीक दातांची एक घेऊन यावी.